टाक्यांतून पाणी येतंय, एखादी गोळी द्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवार, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका गर्दीतून वाट काढत आत आले. त्यांच्या घरी माझे वीस वर्षांचे जाणेयेणे. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिचा पुण्याला गुडघा बदलला, आज बारावा दिवस. बाकी सगळं झकास आहे. फक्त टाक्यांतून थोडं पाणी येतंय. एखादी गोळी द्या, म्हणजे सुकून जाईल."

मी गोळी दिली. काकूंना न बघता, जखमेची पट्टी न उघडता, पुण्याच्या सर्जनना फोन न करता पाच दिवसांचे अँटिबायोटिक लिहून दिले. पाचव्या दिवशी पाणी थांबले. काका खूश, काकू खूश, मीही खूश.

वाचकहो, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी अनेक चुका केल्या असतील, पण जिचा हिशेब मला नंतर दिवसागणिक द्यावा लागला अशी ही एक. आता आपल्या तालुक्यातही गल्लोगल्ली गुडघा किंवा खुबा बदललेली माणसे दिसतात. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला होते, पण टाक्यांतून पाणी आले की माणूस आमच्याकडे येतो. म्हणून हे लिहितो आहे.

चौथ्या महिन्यात काकूंचा गुडघा पुन्हा दुखू लागला. मध्ये दुखणे चांगले कमी झाले होते, त्या देवळापर्यंत चालत जात होत्या. आता रात्री झोपेतही ठणका. ताप मात्र नाही. ताप नाही म्हणून कोणी मनावर घेतले नाही. काकांनी मेडिकलमधून माझ्या जुन्याच चिठ्ठीवर त्याच गोळ्या आणखी एकदा आणल्या. थोडे बरे वाटले, गोळ्या संपल्या, ठणका परत. मग त्या माझ्याकडे आल्या. गुडघा हाताला गरम लागत होता आणि जुन्या व्रणाच्या खालच्या टोकाला एक लालसर फोड होता. तो फोड पाहिल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

त्याच दिवशी त्यांना पुण्याला पाठवले. सर्जननी शस्त्रक्रियागृहात, निर्जंतुक पद्धतीने, सुईने गुडघ्यातले पाणी काढले. पाण्यात पांढऱ्या पेशी भरपूर, म्हणजे आत जंतू आहेत हे जवळजवळ नक्की. पण कल्चरमध्ये काहीच वाढले नाही. संध्याकाळी सर्जनचा मला फोन. आवाज न चढवता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मध्ये काही गोळ्या दिल्या होत्या का?"

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सांगतो. गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, पण दबतात. दबलेले जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. आणि कोणता जंतू आहे हे कळल्याशिवाय कोणते औषध चालेल ते कळत नाही. काकूंची प्रकृती स्थिर होती, ताप नव्हता, म्हणून सर्व औषधे बंद करून दोन आठवडे थांबता आले. मग पुन्हा पाणी काढले. काही जंतू फार सावकाश वाढतात, त्यामुळे असे कल्चर चौदा दिवसांपर्यंत ठेवावे लागते. आपल्या देशात क्षयाचे जंतूही शोधावे लागतात. काकूंच्या पाण्यात स्टॅफिलोकोकस निघाला. आपल्या सर्वांच्या कातडीवर राहणाऱ्या जंतूंचे हे घराणे.

आता कोणी विचारेल, जंतू कळला, औषध कळले, मग इंजेक्शने देऊन मोकळे का होत नाही? अडचण तिथेच आहे. हाडाला रक्तपुरवठा असतो, धातूला नसतो. जंतू एकदा धातूला चिकटले की आपल्याभोवती चिकट थर तयार करतात. सकाळी दात घासण्याआधी दातांवर जीभ फिरवा, जो बुळबुळीत थर लागतो तो याच जातीचा. चूळ भरून तो जात नाही, घासावाच लागतो. सांध्यातल्या थराचेही तसेच. रक्तातून आलेले औषध वरवरचे जंतू मारते आणि थराच्या आतले जंतू औषध संपण्याची वाट बघतात.

हा थर पक्का व्हायला काही आठवडे लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात, किंवा त्रास सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत रुग्ण सर्जनकडे पोहोचला, तर अनेकदा सांधा काढावा लागत नाही. गुडघा उघडून स्वच्छ धुतात, मधली प्लॅस्टिकची चकती बदलतात, धातूचा भाग तसाच ठेवतात आणि पुढे काही महिने औषधे देतात. हा मार्ग प्रत्येक वेळी यशस्वी होतो असे नाही. पण बाराव्या दिवशी मी काकूंना त्याच गाडीने पुण्याला पाठवले असते, तर कदाचित एवढ्यावर भागले असते. हा 'कदाचित' माझ्या मानेवर बसलेला आहे. मी काकांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पुढचे पंधरा दिवस मात्र औषधाच्या चिठ्ठ्या घ्यायला ते स्वतः आले नाहीत, पुतण्याला पाठवत.

सांधेरोपणातला जंतुसंसर्ग काही नवा नाही. इंग्लंडमधल्या जॉन चार्नले यांनी १९६२ साली आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली तेव्हापासून त्यांना याच शत्रूने छळले. त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची वेगळी खोलीच उभी केली आणि प्रमाण झपाट्याने खाली आणले. आज चांगल्या ठिकाणी शंभरातल्या एक-दोघांनाच हा त्रास होतो. तेव्हा हा लेख वाचून कोणी ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करू नये. पण साखर वाढलेली असेल, वजन फार असेल, तंबाखू-विडी चालू असेल, दात किडलेले असतील किंवा पायाला जखम असेल, तर धोका वाढतो. यातल्या बहुतेक गोष्टी आधी ताब्यात आणता येतात. काकूंना मधुमेह होता, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तो जेमतेमच ताब्यात होता.

काकूंच्या वाट्याला दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया आली. पहिल्या टप्प्यात बसवलेला सांधा पूर्ण काढला, हाड खरवडून स्वच्छ केले आणि रिकाम्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या हाडाच्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला. सिमेंटमध्ये औषध मिसळण्याची युक्ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांची, १९७० च्या सुमाराची. ठोकळ्यातून औषध हळूहळू झिरपत राहते, जिथे हवे तिथेच. मग काही आठवडे इंजेक्शने आणि गोळ्या. रक्ताच्या तपासण्या समाधानकारक आल्या की दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा. निवडक रुग्णांत काढणे आणि बसवणे एकाच वेळी करतात. कोणाला काय, हे जंतू, कातडी आणि हाड बघून सर्जनच ठरवतात.

पुस्तकात दोन ओळींत संपणारा हा 'मधला काळ' घरात काढायचा असतो. काकूंचा साडेतीन महिने चालला. पायाला कडक पट्टा, गुडघा वाकत नाही, वॉकर घेऊन पायाचे बोट टेकवत चालायचे. माडीवरची झोपायची खोली सोडून त्या माजघरात आल्या. संडास अंगणात आणि भारतीय पद्धतीचा. पहिला प्रश्न औषधाचा नव्हता, तो होता खुर्चीच्या कमोडचा. पुतण्याने तो जिल्ह्याच्या गावाहून भाड्याने आणला. ज्या घरात ही वेळ येईल त्यांनी रुग्ण घरी येण्याआधी हा प्रश्न सोडवावा. रात्री दोन वाजता तो सुटत नाही.

दंडातल्या नळीतून रोज इंजेक्शन द्यायचे होते. ते मी दिले. सकाळी सात वाजता, दवाखान्याच्या आधी, सहा आठवडे. (ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानंतर अनेक रुग्णांना पहिल्या काही दिवसांनंतर योग्य गोळ्यांवर ठेवता येते. काकूंच्या जंतूला चालणाऱ्या गोळ्या त्यांच्या मूत्रपिंडाला झेपण्यासारख्या नव्हत्या.) नातेवाईक भेटायला येत आणि जाताना म्हणत, "आम्ही म्हटलंच होतं, गुडघ्याला हात लावू नका." अशा लोकांना दारातूनच चहा पाजून परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी जेवण सोडले. म्हणाल्या, "गुडघा तर काढून घेतला डॉक्टर, आता मला ठेवून काय करायचंय?" हे नुसते रुसणे नव्हते. अशा लांबलेल्या दुखण्यात मन खचते, झोप जाते, आणि त्यावरही औषध असते. मी सर्जनशी बोलून ते चालू केले. काकांना एक काम दिले. भिंतीवरच्या कालनिर्णयावर इंजेक्शनच्या प्रत्येक दिवशी फुली मारायची, आणि दर आठवड्याचा सीआरपी त्याच तारखेखाली लिहायचा. सीआरपी म्हणजे शरीरातली जळजळ दाखवणारी रक्ताची साधी तपासणी, आपल्या तालुक्यातही होते. ९६, मग ४१, मग १८, मग ७. आकडे उतरताना काकू रोज सकाळी चष्मा लावून भिंतीकडे बघू लागल्या. तोवर काकाही मला पुन्हा दारापर्यंत सोडायला येऊ लागले होते.

जखम भरायला प्रथिने लागतात. श्रावणात काकूंचे उपवास सुरू झाले तेव्हा आमचे पहिले भांडण झाले. साबुदाण्याने साखर वाढते आणि जखम भरायला त्याचा उपयोग नाही. शेवटी दूध, पनीर, दाण्याचे कूट आणि दोन वेळा घट्ट वरण यावर तह झाला. अंड्याचे नावही काढू दिले नाही.

दुसरा घोळ लाल लघवीचा. जखम पूर्ण सुकल्यावर सर्जननी रिफाम्पिसिन जोडले होते. थराच्या आतल्या स्टॅफिलोकोकसपर्यंत पोहोचणारे हे मोजक्या औषधांपैकी एक. ते एकटे कधीच देत नाहीत, नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. त्याने लघवी केशरी-लाल होते, हे मी सांगायला विसरलो. पहाटे पाचला फोन, "रक्त जातंय!" त्यावर मेडिकलवाल्या पोराने सांगून टाकले की ही तर टीबीची गोळी. दोन दिवसांत शेजारणीने आपली नातवंडे यायची बंद केली. मला जाऊन समजवावे लागले की औषध तेच, रोग तो नव्हे. शिवाय या गोळीने मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. काकूंची साखर पंधरवड्यात ताळ सोडून वाढली आणि इन्सुलिन सुरू करावे लागले. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही सावध राहावे. नवीन गोळी सुरू झाली की जुन्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी.

खर्चाबद्दल लपवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्याने दिलासा मिळाला. पण दोन शस्त्रक्रिया, खाटेचे भाडे आणि औषधे यांचे बिल पहिल्यापेक्षा जास्तच होते. काकांनी फंडातून उरलेली ठेव मोडली.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. पुन्हा बसवायचा सांधा लांब दांड्यांचा असतो, कारण टोकाचे हाड झिजलेले असते. काकूंचा गुडघा आता काटकोनाच्या जरासा पुढे वाकतो. मांडी घालणे नाही, जिना एकेक पायरीने. असे दोन टप्पे पुरे करणाऱ्या दहांपैकी साधारण आठांचा जंतुसंसर्ग आटोक्यात येतो. उरलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया, कायमची गोळी किंवा सांधा सरळ जोडून टाकणे असे मार्ग उरतात. फार क्वचित पाय गमवावा लागतो.

आता मी काय करतो ते सांगतो. सांधा बदलल्यानंतर काही महिने गुडघा थोडा गरम लागणे, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणे, चालताना टक्-टक् आवाज येणे, यात घाबरण्यासारखे नाही. पण आठवडा उलटल्यावरही जखमेतून पाणी किंवा रक्त झिरपत असेल, लाली पसरत असेल, किंवा कमी झालेले दुखणे परत येऊन बसल्याजागी व रात्री ठणकत असेल, तर मी गोळी लिहीत नाही. रुग्णाचा सीआरपी करतो, सर्जनला स्वतः फोन लावतो आणि त्याच दिवशी पाठवतो. रुग्ण गळून गेला असेल, थंडी वाजून ताप असेल, तर अर्थात थांबायला वेळ नसतो, तेव्हा रुग्णालयच गाठावे लागते. त्या जखमेवर हळद, लेप, शेक, तेल काहीही नको. आणि बदललेल्या गुडघ्यात दवाखान्यात बसून सुई घालू देऊ नका, मग डॉक्टर कितीही ओळखीचा असो.

हे फक्त पहिल्या वर्षापुरते नाही. आमच्या एका बागायतदाराचा गुडघा सहा वर्षे उत्तम चालला होता. पायाच्या भेगेत पू झाला, मधुमेहामुळे कळला नाही, आणि जंतू रक्तातून गुडघ्यात जाऊन बसले. एका रात्रीत गुडघा टम्म फुगला. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्जनच्या टेबलावर होता. धुऊन, चकती बदलून त्याचा सांधा वाचला.

गेल्या आठवड्यात काका बीपी तपासायला आले होते. काकूंचा निरोप होता, आता दुसरा गुडघा फार दुखतो, बदलावा का? एका सांध्यात जंतुसंसर्ग झालेल्या माणसाला दुसऱ्यातही धोका अधिक असतो, हे मी काकांना सांगितले. तूर्त एक्स-रे, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि दातांच्या डॉक्टरांकडे एक फेरी, एवढे लिहून दिले आहे. बाकीचे दिवाळीनंतर, पुण्याच्या सर्जनसमोर बसून ठरेल. काका म्हणाले, त्या दिवशी तुम्हीही चला. मी येतो म्हटले आहे.