सहाची पोस्ट सहाला का गेली नाही?

इअरफोन घरी विसरला असाल तर आजचा एपिसोड वाचून काढा. आणि सुरुवात माझ्याच गाढवपणाने.

मागे आपण स्कॉलरशिपच्या फॉर्मवर बोललो होतो. ऑडिओ सकाळी 6 ला आला, त्यात मी ठणकावून सांगितलं, "कागदपत्रांची यादी ब्लॉगवर आहे." ती पोस्ट मी रात्रीच सकाळी 6 साठी शेड्यूल करून झोपले होते. फॉर्मची शेवटची तारीख तीच. साडेनऊला एका मुलीचा मेसेज, "ताई, यादी कुठंय? मी सायबर कॅफेत उभी आहे." मी लॉगिन केलं, पोस्ट उघडली, तर ती दिसतेय आणि वर वेळ 6:00. म्हटलं, "अगं आहे की, रिफ्रेश कर."

खरं तर ती पोस्ट माझ्या लॉगिनमुळे, साडेनऊलाच पब्लिश झाली होती. वर छापलेली वेळ ठरवलेली असते, प्रत्यक्ष गेल्याची नव्हे. तिचा फॉर्म दुपारी भरला गेला, थोडक्यात वाचलो.

आता हे झालं कसं? आपला ब्लॉग वर्डप्रेसवर आहे. त्यात ठरल्या वेळची कामं, म्हणजे पोस्ट सोडणं, अपडेट तपासणं, बॅकअप घेणं, हे सगळं 'डब्ल्यूपी-क्रॉन' बघतो. 2007 च्या 2.1 आवृत्तीपासून तो आहे. नाव लिनक्सच्या क्रॉनवरून, पण स्वभाव वेगळा. लिनक्सचा क्रॉन सतत जागा असतो आणि दर मिनिटाला घड्याळ बघतो. आपला हा सोसायटीच्या त्या वॉचमनसारखा, ज्याला पाण्याचा पंप 6 ला चालू करायचाय, पण जो गेट वाजल्याशिवाय उठतच नाही. कोणीतरी साइटवर आलं की तो डोळे चोळत यादी बघतो: कुठलं काम राहिलंय का? असं का बनवलं? कारण स्वस्तातल्या होस्टिंगवर खरा क्रॉन मिळेलच याची खात्री नसते. हे मला तरी पटतं.

पण त्या सकाळी लोक आले होते ना साइटवर? आले, आणि इथेच खरी गोम आहे. मी कॅशिंग प्लगइन लावलंय. ते आधीच तयार करून ठेवलेलं पान देतं, वर्डप्रेस चालूच होत नाही. म्हणजे लोक बाजूच्या गेटने आत गेले, वॉचमन झोपलेलाच. लॉगिन केलेल्याला सहसा कॅशमधलं पान मिळत नाही, म्हणून माझ्या येण्याने तो उठला.

उपाय दोन पायऱ्यांचा. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये 'डिसेबल अंडरस्कोर डब्ल्यूपी अंडरस्कोर क्रॉन' ही ओळ, सगळी अक्षरं कॅपिटल, 'ट्रू' करायची. नावाला घाबरू नका, क्रॉन बंद होत नाही, फक्त गेट वाजल्यावर उठणं बंद होतं. मग होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'क्रॉन जॉब्स' उघडून दर 5 मिनिटांनी साइटची डब्ल्यूपी-क्रॉन डॉट पीएचपी ही फाइल हाक मारून उठवायची: पहिल्या खणात स्टार, स्लॅश, 5 आणि उरलेल्या चार खणांत नुसते स्टार.

पहिली पायरी करून दुसरी विसरलात तर मात्र मेलात. मग पोस्ट उशिरा नाही, जातच नाही. बॅकअपही थांबतो, आणि ते कळतं साइट बसल्यावर. म्हणून आधी दुसरी पायरी करा, मग पहिली. 'डब्ल्यूपी क्रॉन्ट्रोल' हे प्लगइन टाकलं तर कुठलं काम कधी चालणार आणि कुठलं रखडलंय, सगळी यादी फोनवरही दिसते.

अजून एक. सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर असतं, आपण साडेपाच तास पुढे. सर्व्हरच्या क्रॉनमध्ये सकाळी 6 चं काम लावायचं तर 0:30 लिहायचं. मी एकदा 6 लिहिलं आणि 'पहाटेचा' बॅकअप साडेअकराला, ऐन वर्दळीत सुरू झाला.

त्या मुलीला मी नंतर सॉरीचा मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, "ताई, पुढच्या वेळी यादी ऑडिओतच वाचून दाखवा."