तलफ घड्याळ पाहते की फाटक?

दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीसंबंधी दोन प्रश्न बहुधा एका दमात विचारले जातात: इतक्या वर्षांनंतर बिडी सोडून उपयोग काय, आणि सोडायची म्हटली तरी ती सुटते का? पेण-रोह्याकडच्या टपऱ्यांवर या दोन्ही प्रश्नांना ‘आता काय फरक पडतो’ हे एकच उत्तर मिळते आणि तेथेच विषय संपतो. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाजवळ बऱ्यापैकी पक्के आहे. दुसऱ्याचे उत्तर गुंतागुंतीचे असले, तरी गेल्या काही दशकांत त्याला जे वळण मिळाले ते निकोटिनच्या रसायनशास्त्राइतकेच रोचक आहे.

पहिल्या उत्तराचे श्रेय सामान्यतः ब्रिटनमधील रिचर्ड डॉल यांना दिले जाते. डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटिश डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठवली आणि उत्तर देणाऱ्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढील पन्नास वर्षे घेण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना न सोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तीन वर्षे, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांना दहा वर्षे अधिक आयुष्य लाभले. ‘वय झाले’ ही सबब साठीतही टिकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

मात्र या इतिहासात मुंबईचे नाव अनेकदा गाळले जाते, आणि ते खटकण्याजोगे आहे. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर, म्हणजे रोगाने पेशींमध्ये व ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांचा अभ्यास भारतात रुजवणारे संशोधक, यांनी एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणे आणि बिडी ओढणे या दोन सवयींचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यात वेगवेगळा तपासला होता. लंडनच्या अभ्यासकांपुढे सिगारेट आणि फुप्फुस होते; मुंबईच्या अभ्यासकांना बिडी, चुना-तंबाखू आणि पानपट्टी यांच्या गुंत्यातून एकेक धागा सोडवावा लागला, आणि हे काम अधिक अवघड होते. खानोलकर ज्या संशोधन केंद्राचे पहिले संचालक होते, त्याचीच परंपरा सांगणारी टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आज खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे, याची जाणीव जिल्ह्यात फार थोड्यांना असते.

‘बिडी हलकी, सिगारेट जड’ ही समजूतही येथेच बाजूला सारलेली बरी. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते हे खरे. परंतु तिचे तेंदूचे पान सच्छिद्र नसते आणि ती लवकर विझते, त्यामुळे ती पेटती ठेवण्यासाठी वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, ज्याच्या परिणामी कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन यांच्या बाबतीत बिडी सिगारेटच्या मागे राहत नाही. भारतातील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवर आधारलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि स्त्रियांचे आठ वर्षांनी कमी झाल्याचे आढळले.

सोडल्यानंतर शरीरात काय भरून येते आणि काय येत नाही, हे समजण्यासाठी पेणच्या खारेपाटाचे उदाहरण जवळचे ठरेल. उधाणाच्या भरतीने बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडली की खाडीचे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन नापीक होते. खांड बुजवली, तर पुढील काही पावसाळ्यांत गोड पाण्याने मीठ धुऊन उघाडीवाटे, म्हणजे बांधातील पाणी सोडण्याच्या दारावाटे, बाहेर जाते आणि शेत हळूहळू पुन्हा पिकू लागते. मात्र ज्या भागातील माती भरतीबरोबर वाहून गेली, ती बांध कितीही पक्का केला तरी परतत नाही. हृदयविकाराचा धोका हे मीठ आहे: धूम्रपान थांबल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांतच त्यात मोठी घट होते; फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही दहा वर्षांत सुमारे निम्म्यावर येतो. फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे वायुकोश, यांची नष्ट झालेली भिंत ही मात्र वाहून गेलेली माती होय. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी लंडनमधील कामगार व कर्मचारी पुरुषांचा श्वास आठ वर्षे मोजून १९७७ साली दाखवले की गमावलेली श्वासक्षमता परत मिळत नसली, तरी ती घटण्याचा वेग सोडल्यानंतर जवळजवळ धूम्रपान न करणाऱ्याइतका मंदावतो. ज्याला आज धाप लागते त्याची धाप नाहीशी होईल, असे आश्वासन म्हणूनच कोणी देऊ नये. परंतु खांड उघडी ठेवण्याला तो युक्तिवाद होऊ शकत नाही.

आता दुसरा प्रश्न. निकोटिन रक्तातून झपाट्याने कमी होते. साधारण दर दोन तासांनी त्याचे प्रमाण निम्मे होते. मेंदूतील ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना, ते चिकटते, त्यांची संख्या वर्षानुवर्षांच्या धूम्रपानाने वाढलेली असते आणि ती पूर्ववत होण्यास काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत काळ लागतो. चिडचिड, झोपमोड, एकाग्रता न होणे ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला पोहोचून तीन-चार आठवड्यांत ओसरतात. यातील काही त्रासाचा दोष चहाकडेही जातो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: धुरातील काही रसायने यकृतातील कॅफिनचा निचरा करणाऱ्या विकराला चेतवतात, धूर थांबला की हा निचरा मंदावतो, आणि रोजचे तेच चार कप चहा अचानक दुपटीच्या जवळपास काम करू लागतात. बिडी सोडलेला माणूस मन रमवण्यासाठी चहा वाढवतो, तेव्हा हात थरथरण्याला आणि रात्री जागे राहण्याला तो स्वतःच हातभार लावत असतो.

परंतु तलफ केवळ रसायनाच्या हिशेबाने चालत असती, तर शेवटच्या झुरक्यानंतर जितके तास अधिक, तितकी ती तीव्र व्हायला हवी होती. तसे होत नाही, हे इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ रूव्हेन दार यांच्या गटाने २०१० साली अतिशय देखण्या युक्तीने दाखवले. त्यांनी विमानातील धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन प्रवासांत, एकदा युरोपच्या तीन ते साडेपाच तासांच्या आणि एकदा न्यूयॉर्कच्या दहा ते तेरा तासांच्या उड्डाणात, ठरावीक अंतराने तलफ किती आहे ते नोंदवण्यास सांगितले. लहान उड्डाण संपत येताना तलफ उसळत असे. लांब उड्डाणात तेवढेच तास उलटलेले असताना ती पुष्कळ कमी असे आणि विमान उतरण्याच्या सुमारास चढत असे. निकोटिन दोन्हीकडे सारखेच उतरलेले होते, फरक होता तो ‘आता ओढता येईल’ या अपेक्षेचा. या अभ्यासाला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळालेली नाही. कदाचित त्यातून विकण्याजोगी कोणतीही वस्तू निघत नाही म्हणून.

रोह्याला असले उड्डाण रोज तीन पाळ्यांत होते. धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत ज्वालाग्राही द्रवांमुळे काडेपेटी व लायटर आत नेण्यास मनाई असते, आणि एरवी तासाला एक बिडी लागणारा कामगार आठ तास काम तिच्याविना पार पाडतो. पाळी सुटण्याच्या वेळी मात्र त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो आणि फाटकाबाहेरील टपरीपर्यंतची पन्नास पावले त्याला लांब वाटू लागतात. ‘माझ्याच्याने एक तासही निघत नाही’ असे म्हणणाऱ्याने हे आठ तास आठवून पाहावेत. दिवा-रोहा गाडीतून उतरल्यावरची पहिली बिडी, जेवणानंतरची बिडी, यांचीही मांडणी तीच आहे.

हीच यंत्रणा सोडलेल्या माणसाला महिन्यांनंतर गाठते. पौष-माघाच्या थंडीत वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि मडके यांचा मेळ जमवून शेतात पोपटी लागते, भोवती तीच मंडळी बसलेली असतात, जाळ असतो, आणि बंडल हातोहात फिरते. रक्तात निकोटिनचा मागमूस नसतो, ग्राहींची संख्याही पूर्ववत झालेली असते. पण धूर, थंडी व सोबत यांची जुनी सांगड मेंदूने पुसलेली नसते. अशा वेळी एका झुरक्याने पुन्हा सुरुवात होते तेव्हा इच्छाशक्तीला दोष देण्याची प्रथा आहे. त्याऐवजी पहिल्या हिवाळ्यात मडके लावण्याचे काम अंगावर घेऊन हात गुंतवणे, किंवा निघण्यापूर्वी निकोटिनचा च्युइंगम सोबत ठेवणे, हे अधिक शास्त्रीय होय.

या च्युइंगमचा जन्म पाणबुडीशी निगडित आहे. स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आले की समुद्रात असताना धूम्रपान करता न येणारे पाणबुडीवरील नाविक तोंडात तंबाखू धरून वेळ काढतात, आणि १९६७ साली त्यांनी हे निरीक्षण हेल्सिंगबोरी येथील औषधकंपनीतले रसायनशास्त्रज्ञ ओव्हे फेर्नो यांना कळवले. फेर्नो स्वतः अट्टल धूम्रपान करणारे. त्यांनी निकोटिन एका राळेला बांधून ते चावल्यावरच हळूहळू सुटेल अशी सोय केली, आणि तोंडाच्या अस्तरातून ते शोषले जावे म्हणून मिश्रणात अल्कधर्मी क्षार घातले, कारण आम्लधर्मी लाळेत निकोटिन अस्तर ओलांडू शकत नाही. तळहातावर तंबाखूत चुना मळणाऱ्या प्रत्येकाने हेच रसायनशास्त्र फेर्नोंच्या कितीतरी आधी आत्मसात केले होते, फक्त चुन्याचा हेतू वेगळा होता. हा च्युइंगम मात्र पानासारखा सतत चघळायचा नसतो: चव तिखट लागू लागली की तो गालात दाबून ठेवावा, चव गेली की पुन्हा चावावा, आणि कॉफी किंवा लिंबू-सरबत त्याआधी पंधरा मिनिटे टाळावे. भरभर चावून लाळ गिळणाऱ्याला उचकी लागते आणि गिळलेल्या निकोटिनचा बराचसा भाग यकृतातच संपतो. ‘च्युइंगम चालत नाही’ ही तक्रार बहुधा येथूनच सुरू होते.

सोबतीने सवय परतते, तशी सोबतीने सुटतेही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या सामाजिक जाळ्यातील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदी तपासून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ साली दाखवले की लोक एकेकटे नव्हे, गटागटाने सिगारेट सोडतात. जोडीदाराने सोडल्यास दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी घटली होती. सारख्या स्वभावाची माणसेच मित्र होतात, तेव्हा यातील किती भाग प्रभावाचा आणि किती निवडीचा, ही संख्याशास्त्रज्ञांची शंका रास्त आहे. तरी रायगडकरांना हे चित्र ओळखीचे वाटेल. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांच्या श्रीबैठकांतून गावेच्या गावे व्यसनापासून दूर झाल्याचे सांगितले जाते, आणि रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराविषयीही दारूच्या संदर्भात तसेच म्हटले जाते. श्रद्धेच्या अशा दाव्यांना फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या साध्या यंत्राची कसोटी लावणे हा अनादर ठरू नये. आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांत, बिडीशिवाय बसण्याची रचना मात्र विज्ञानाच्या दृष्टीने नक्कीच विचारात घेण्याजोगी आहे.

‘सात दिवसांत व्यसनमुक्ती’ असे फलक लावणाऱ्या चूर्णांपुढे खरे आकडे फार नम्र दिसतात. मायकल रसेल यांनी लंडनच्या दवाखान्यांत केलेल्या १९७९ सालच्या अभ्यासात, डॉक्टरने एक-दोन मिनिटे सल्ला देऊन पत्रक हाती ठेवले आणि पुन्हा चौकशी करू असे बजावले, तेव्हा वर्षभर सोडून राहिलेल्यांचे प्रमाण ५.१ टक्के होते, आणि काहीच न केलेल्या गटात ०.३ टक्के. वीस रुग्णांमागे एक, हे यश किरकोळ वाटते. पण पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात खोकल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला ‘बिडी ओढता का, आणि कधी सोडणार?’ एवढे विचारण्यास वेगळा निधी लागत नाही. ज्यांना दवाखाना गाठायचा नसेल त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो; सुट्या बिड्या घेणाऱ्याच्या हाती मात्र तो कधीच पडत नाही.