ध्रुवीय समुद्रशैवाल आणि एका विद्यार्थिनीचा प्रश्न

परभणीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही आपल्या भोजनगृहातील मिठात आयोडीन असते. १८११ साली बर्नार्ड कुर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला हे मूलद्रव्य प्रथम सापडले ते समुद्रशैवालाच्या राखेत.

इतिहासाच्या तासाला एकदा १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराचा विषय निघाला, तेव्हा नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ओझोनला मारक वायू शैवालही सोडतात म्हणे. मग दोष माणसालाच का?” कालाम सुत्ताचा वारसा सांगणाऱ्या शाळेत हा प्रश्न टाळणे शोभणारे नव्हते.

तिचे म्हणणे खरे होते. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंद येथे भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याच्या समोरील कोंग्सफ्योर्ड खाडीच्या थंडगार पाण्यात तपकिरी शैवालांची दाट वने आहेत. प्रखर प्रकाश किंवा अन्य ताण आला की शैवालाच्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड साचते. ते पेशींना अपायकारक. एक विकर त्याचा निचरा करते आणि त्या क्रियेत समुद्रजलातील ब्रोमाइडचा उपयोग होतो. त्यातून ब्रोमोफॉर्म, डायब्रोमोमिथेन असे वायुरूप होणारे पदार्थ बाहेर पडतात. काही शैवाले आयोडीनयुक्त संयुगेही सोडतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील शैवालेही हेच करतात. ओझोनचा नाश करण्यात ब्रोमीनचा अणू क्लोरीनहून कितीतरी पटींनी प्रभावी असतो, हेही नाकारता येत नाही.

फरक आयुर्मानात आहे. ब्रोमोफॉर्म हवेत काही आठवड्यांत विघटित होतो. त्याचा अल्पांशच ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. शीतकपाटांत वापरला गेलेला सीएफसी-१२ मात्र सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि वर जाऊनच फुटतो. शैवाले युगानुयुगे वायू सोडीत आली, तरी त्यांनी ओझोनला छिद्र पाडले नाही. ते छिद्र १९८५ साली जगापुढे आले, कारखान्यांत सीएफसी बनू लागल्यानंतर अवघ्या काही दशकांत.

‘हे निसर्गतःच घडते’ हा युक्तिवाद आपल्या समाजाला नवा नाही. विषमतासुद्धा निसर्गदत्तच आहे, असे आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले. म्हणून निसर्गाचे नाव निघाले की किती, कोठून आणि केव्हापासून, हे विचारण्याची सवय मी विद्यार्थ्यांना लावतो. त्या मुलीनेही लगेच विचारले, “मग आपल्या देशाने काय केले?”

भारत १९९२ साली या करारात सामील झाला. विकसनशील देशांना सीएफसी बंद करण्यासाठी १ जानेवारी २०१० ही मुदत होती. शीतकपाटांत आता दुसरे वायू वापरतात आणि ओझोनचा थर सावकाश भरून येत आहे.