नोकरी सोडताना काय न्यायचं?

पुण्याजवळच्या तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कमधल्या कुणीही राजीनाम्याचा मेल टाकला की पहिली धडकी भरते ती रुजू होताना सही केलेल्या कराराची. 'सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही' असं एक कलम त्यात असतं. मग मित्रांना फोन, ओळखीच्या वकिलाला फोन, रात्रीची झोप उडालेली. त्याच नोटीस पिरियडमध्ये, तीन वर्षांत स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट, टेस्ट केस, क्वेरी यांचा फोल्डर स्वतःच्या जीमेलवर पाठवताना मात्र हात जराही थरथरत नाही. 'मीच तर लिहिलंय!' कायद्याच्या दृष्टीने हे नेमकं उलट आहे. ज्याला घाबरायला हवं त्याला कुणी घाबरत नाही, आणि ज्यात फारसा दम नाही त्याच्या भीतीने चांगली संधी सोडून देणारी मुलं आहेत.

आधी त्या धडकी भरवणाऱ्या कलमाचं बघू. भारतीय करार कायदा १८७२चा. त्यातलं २७वं कलम सांगतं की कुणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला आपली न्यायालयं याच कलमाने नकार देत आली आहेत. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला करार संपल्यावरही बांधून ठेवू पाहणाऱ्या पर्सेप्ट डी'मार्क कंपनीला मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही, तेही याच आधारावर.

पण करार चालू असतानाची गोष्ट वेगळी, आणि इथे बरेच जण गल्लत करतात. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर असलेले निरंजन गोलीकरी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. कंपनीने डच भागीदाराकडून मिळवलेलं तंत्र त्यांना शिकवलेलं होतं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. कराराची मुदत संपेपर्यंतचं बंधन वाजवी ठरवलं. बाँडचंही तसंच. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट ग्राह्य धरली. तेव्हा 'बाँड म्हणजे नुसता कागद' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नये.

आता तो फोल्डर. कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. रात्री दोनला जागून लिहिलेला कोडही त्याचाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातला डेटा उतरवून घेण्याला, त्याची प्रत काढण्याला भरपाईस पात्र ठरवतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात क्लायंटच्या ग्राहकांची वैयक्तिक माहिती असेल आणि ती करार मोडून बाहेर फुटली, तर ७२-अ कलमही मागे लागू शकतं.

तळवड्यात मोठा कॅम्पस उभारलेल्या सिंटेलचा अमेरिकेतला खटला इथल्या प्रत्येक टीम लीडने वाचावा असा आहे. आरोग्य विमा कंपन्यांसाठी 'फॅसेट्स' नावाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ट्रायझेटोचं काम सिंटेल २०१०पासून करत होती. २०१२च्या सुधारित करारातून सिंटेलवरची स्पर्धाबंदी निघाली. २०१४मध्ये कॉग्निझंटने ट्रायझेटो विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी प्रकरण न्यू यॉर्कच्या न्यायालयात गेलं. सिंटेलचं म्हणणं होतं, स्पर्धा करायला मोकळीक आहे म्हणजे ट्रायझेटोच्या कामासाठी मिळालेलं साहित्य वापरायलाही आहे. न्यायालयाला ते पटलं नाही. स्पर्धा करा, पण दुसऱ्याच्या टेस्ट केस आणि स्क्रिप्ट घेऊन नव्हे. ऑक्टोबर २०२०मध्ये ज्यूरीने सुमारे साडेपंच्याऐंशी कोटी डॉलरची रक्कम ठरवली. न्यायाधीशांनी त्यातला दंडात्मक भाग निम्म्यावर आणला. २०२३मध्ये अपील न्यायालयाने भरपाईचा हिशेब चुकीचा ठरवून प्रकरण खाली पाठवलं, पण ट्रायझेटोची व्यापारी गुपितं वापरल्याचा दोष कायम ठेवला. खटला कंपनीवरचा होता, कुणा इंजिनिअरवरचा नव्हे. तरी या खटल्यातली 'मालमत्ता' काय होती बघा: टेस्ट केस, ऑटोमेशन स्क्रिप्ट. आपण ज्याला 'किरकोळ' म्हणून सोबत नेतो, तेच.

हे फक्त काचेच्या इमारतींपुरतं नाही. त्याच तळवड्यात ज्योतिबानगरच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर जॉबवर्क चालतं. ड्रॉइंगची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येते, दर काढायला म्हणून तीच चार शेडमध्ये फिरते. मशीन लावून देणारा सेटर नोकरी बदलतो तेव्हा मशीनचे प्रोग्रॅम पेन ड्राइव्हमध्ये त्याच्या खिशात असतात. कोणत्या कडक पार्टला किती फीड द्यायचा, फिक्स्चरमध्ये जॉब कसा धरला की थरथरत नाही, हे त्याच्या हातात आणि डोक्यात आहे. ते त्याचंच, आणि ते त्याच्याकडून कुठलंही न्यायालय काढून घेणार नाही. फाइल मात्र शेटची, आणि ड्रॉइंग तर शेटचंही नाही, ते चाकणच्या मोठ्या कंपनीचं. दर मागायला ते पुढे पाठवणाऱ्या शेटने सेटरवर चोरीचा आळ घेण्याआधी स्वतःचा फोन तपासावा.

अलीकडे तर नोकरी न सोडताच फाइल बाहेर जाते. २०२३मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी चूक शोधायला कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४च्या २८९व्या अहवालात त्याचा मसुदा दिला, आणि कंपनीतला गैरप्रकार उघड करणाऱ्याला त्यातून संरक्षण असावं असंही सुचवलं. ही सवलत फार मोलाची आहे. नाहीतर 'गोपनीय'चा शिक्का मारला की लबाडीही झाकता येते.

मला राग आहे तो कंपन्यांचा. वर्षातून एकदा क्लिक-क्लिक करत संपवायचा व्हिडिओ दाखवून त्यांचं कर्तव्य संपतं, आणि करारात मुद्दाम न टिकणारी कलमं घालून बाविशीच्या मुलांना धाकात ठेवलं जातं. त्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात एचआरने लॅपटॉप जमा करून घेताना अर्धा तास समोर बसून सांगावं: पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, अनुभवाचं पत्र, अप्रेझलची पत्रं हे तुझं, घेऊन जा. कोड, क्लायंटची कागदपत्रं, ग्राहकांची यादी राहू दे. पोर्टफोलिओत एखादं काम दाखवायचं असेल तर आत्ता मेलवर विचार, लेखी उत्तर देतो. आणि चुकून घरच्या लॅपटॉपवर काही राहिलं असेल तर आज सांग, आपण दोघं मिळून ते काढून टाकू.