अडकित्ता कुठे ठेवावा?

विमानाच्या प्रवासात सामानाचे दोन भाग होतात. मोठी पेटी आपण आधीच विमान कंपनीच्या ताब्यात देतो. ती विमानाच्या पोटात जाते. लहान पिशवी आपल्याजवळ राहते. ती यंत्रातून जाते. आतले सारे पडद्यावर दिसते.

एकदा आम्ही विमानाने निघालो होतो. बरोबर एक सुतारकाका होते. पटाशी, वाकस आणि वडिलांच्या वेळचा अडकित्ता त्यांनी जवळच्या पिशवीत ठेवलेला. जवानाने तिन्ही काढून घेतले. काका म्हणाले, "अहो, मी सुपारी कातरतो, माणसं नाही!" पण पेटी तर पुढे गेली होती.

आम्हालाही राग आला. पण या कडकपणाला कारण आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत १९ जणांनी चार विमाने बळकावली. त्यांच्याजवळ लहान पात्याच्या सुऱ्या होत्या. सुमारे तीन हजार माणसे मेली.

सुरी, कात्री, अवजारे न्यायला बंदी नाही. पेटीत ठेवावीत. पात्याला फडके गुंडाळावे, म्हणजे पेटी उघडणाऱ्याचा हात कापत नाही. मोबाईलच्या जादा बॅटरीचे मात्र उलट. ती जवळच ठेवावी लागते.

काका कामावर पोचले, ते उसन्या पटाशीवर.