कॅट : पुन्हां बसावें कीं न बसावें?

डिसेंबरच्या उत्तरार्धांत कॅटचा निकाल लागला कीं पुढचे आठ-दहा दिवस कित्येक घरांत जेवणाच्या वेळीं एकच विषय निघतो. मुलगी नापास झालेली नसते. किंबहुना या परीक्षेला नापास हा शब्दच ठाऊक नाहीं. हातीं एक आंकडा आलेला असतो, समजा ९३, आणि तो पेढे वाटण्याइतका मोठा नसतो व विसरून जाण्याइतका लहानहि नसतो. "आणखी एकदां बस," असें वडील म्हणतात. "नोकरी चांगली चालली आहे, पुरे झालें," असें आईचें मत पडतें. जिचा तो आंकडा, ती मात्र गप्प असते. तिचें गप्प बसणें समजण्यासारखें आहे. प्रश्न परीक्षेचा दिसतो खरा, पण पणाला लागलेलें असतें तें तिच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षांतलें एक सबंध वर्ष.

या प्रश्नाचें उत्तर स्वभावावर सोंपवण्याचा प्रघात आहे. जिद्दी माणसानें पुन्हां बसावें, समाधानी माणसानें बसूं नये, असें कांहींसें. वस्तुतः जिद्दीचा विचार पुढचा. आधीं त्या आंकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे.

पर्सेंटाइल म्हणजे शेंकडा गुण नव्हेत. शंभर उमेदवारांपैकीं किती जण मागें राहिले, एवढेंच तो आंकडा सांगतो. २०२४ सालीं ही परीक्षा २४ नोव्हेंबर रोजीं झाली आणि तिला सुमारें २ लाख ९३ हजार उमेदवार बसले. म्हणजे ९३ मिळवणाऱ्या मुलीच्या पुढें सुमारें वीस हजार पांचशें जण होते, आणि ९९ मिळवणाऱ्याच्या पुढें तीन हजारांहून थोडे कमी. त्र्याण्णवावरून नव्व्याण्णवावर जाणें म्हणजे कागदावर सहा पावलें. प्रत्यक्षांत साडेसतरा हजार माणसांना मागें टाकणें. शिवाय तीं माणसें वर्षभर स्वस्थ बसलेलीं नसतात. मधल्या भागांत गर्दी दाट असल्यामुळें चार-दोन गुण वाढले कीं आंकडा झरझर चढतो. माथ्याजवळ गर्दी विरळ होते आणि तितक्याच चढाला कितीतरी अधिक गुण खर्ची पडतात. साठांचे सत्तर करणाऱ्याच्या अनुभवावरून अठ्ठ्याण्णवाचे साडेनव्व्याण्णव करूं पाहणाऱ्यानें हिशेब मांडला, तर तो फसतो.

त्यांत दैवाचाहि वांटा आहे. २०२४ च्या परीक्षेंत ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्याय दिलेल्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर एक गुण वजा. दोन पर्यायांमध्यें मन अडकलें आणि हात चुकीच्या पर्यायावर गेला, कीं चार गुणांचा फरक पडला. परीक्षा एकाच दिवशीं तीन सत्रांत होते व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. सोपी-अवघड हा भेद गणिती पद्धतीनें समतोल करतात, तथापि एखाद्याला मानवणारा उतारा सकाळींच येऊन गेला आणि तो स्वतः संध्याकाळीं बसला, याला समतोल काय करणार?

मोजमापांतली ही डळमळ परीक्षा घेणारेहि नाकारीत नाहींत. परदेशी व्यवस्थापन-विद्यालयांसाठीं १९५४ पासून चालत आलेली, पुढें जीमॅट म्हणून प्रसिद्ध झालेली परीक्षा घ्या. तिच्या जुन्या स्वरूपांत गुण २०० ते ८०० असत, आणि एकूण गुणांची प्रमाण-त्रुटि ३० ते ४० असल्याचें संयोजक सांगत. म्हणजे ६६० आणि ६९० या दोन उमेदवारांत खरा फरक असेलच असें छातीठोकपणें सांगतां येत नसे. पहिल्या खेपेस ज्याला दैवानें दगा दिला, त्याला दुसऱ्या खेपेस केवळ सामान्य दिवस लाभला तरी त्याचे गुण वाढतात, आणि तो त्याचें श्रेय नव्या शिकवणीला देतो. पण पहिल्या वेळीं दैव अनुकूल होतें असें असेल, तर तोच नियम उलटा फिरतो. शिकवणीवर्गांच्या फलकांवर दुसऱ्या प्रयत्नांत चमकलेल्यांचीं छायाचित्रें असतात. जागच्या जागीं राहिलेल्यांचें छायाचित्र कोणी लावीत नाहीं.

मग आपला दिवस वाईट गेला कीं आपली तयारीच तेवढी होती, हें ओळखावें कसें? त्याचें साधन घरांतच असतें. परीक्षेपूर्वीं दोन महिन्यांत दिलेल्या सराव-परीक्षांचे आंकडे ओळीनें मांडावे. ते सत्त्याण्णवाच्या आसपास घुटमळत असतील आणि प्रत्यक्षांत त्र्याण्णव आले असतील, तर पुन्हां बसण्यास सबळ कारण आहे. सरावांतहि त्र्याण्णवच येत असतील तर परीक्षेनें अन्याय केलेला नाहीं. अशा वेळीं पुन्हां बसणें म्हणजे दुसरी संधि घेणें नव्हे, तर नवी तयारी आरंभणें होय, आणि तिला लागणारा वेळहि नव्यानेंच मोजला पाहिजे. त्यांतहि उणीव कोणत्या विभागांत आहे हें पाहावें लागतें. विसरलेलें अंकगणित आणि बीजगणित चार-सहा महिन्यांच्या नेमानें परत येतें. इंग्रजी उतारे झपाट्यानें वाचून लेखकाचा रोख पकडण्याची शक्ति मात्र वर्षांनुवर्षांच्या वाचनानें येते. ती एका पावसाळ्यांत कमावीन म्हणणाऱ्याचा उत्साह कौतुकास्पद असला तरी त्यावर नोकरी सोडणें धाडसाचें ठरेल.

याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेक घरांत बोललीच जात नाहीं. प्रवेश अडला आहे तो कॅटमुळेंच ना? अहमदाबादची संस्था मुलाखतीसाठीं उमेदवार निवडतांना दहावी, बारावी आणि पदवी यांचे गुणहि हिशेबांत धरते. बंगलोरची संस्था हे गुण तर पाहतेच, शिवाय नोकरीच्या अनुभवालाहि वजन देते. ज्याला बारावींत मार बसला, त्याचे ते गुण कितीहि वेळां कॅट दिली तरी तसेच राहणार. त्याला नव्व्याण्णव पुरत नाहींत, कदाचित् त्याहून पुष्कळ वर जावें लागतें. आणि तें वर जाणें किती कठीण, हें मघांच्या साडेसतरा हजारांवरून दिसलेंच आहे. अशा उमेदवारानें एकाच दारावर डोकें आपटण्यापेक्षां दारें मोजावीं. मागाहून स्थापन झालेल्या कित्येक आयआयएम एकत्रित मुलाखती घेतात. महाराष्ट्रांत राज्याची सीईटी निराळी आहे, आणि मुंबईची १९६५ सालची जमनालाल बजाज संस्था मुख्यत्वें तिच्या द्वारें विद्यार्थी घेते.

जीमॅटवाल्यांचें दुःख तुलनेनें हलकें. सोळा दिवसांनीं पुन्हां बसतां येतें, बारा महिन्यांत पांच वेळां, आणि गुण पांच वर्षें चालतात. तेथें प्रश्न मुख्यतः पैशाचा. कॅट वर्षांतून एकदांच येते आणि तिचा निकाल त्या एका प्रवेशवर्षापुरताच जिवंत असतो. २०२४ सालीं तिचें शुल्क सर्वसाधारण उमेदवारास २,५०० रुपये होतें; पण खरें शुल्क म्हणजे तें वर्ष. हें वर्ष नोकरींत राहून दिलें तर अनुभवांत जमा होतें, नोकरी सोडून दिलें तर पगारहि जातो आणि मुलाखतींत त्या मोकळ्या जागेचा जाब द्यावा लागतो. रोज दोन तास आणि रविवारची सकाळ मिळत असेल तर राजीनाम्याची घाई करण्याचें सहसा कारण नसतें.

वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षें उरलीं आहेत, धाकट्याचें शिक्षण व्हावयाचें आहे, आणि हातीं एका मध्यम संस्थेचें प्रवेशपत्र येऊन पडलें आहे, अशा घरांत हा निर्णय आणखी जड होतो. तेथें त्या संस्थेंतून बाहेर पडणाऱ्यांना मिळणारें काम मुलीला आतांच मिळत असलेल्या कामाहून खरोखर वरचें आहे कीं नाहीं, एवढें आधीं तपासावें. नसेल, तर प्रवेशपत्र नाकारण्यांत कांहीं गमावलें असें होत नाहीं.

पुन्हां बसावयाचें ठरलेंच, तर मुदतहि त्याच दिवशीं ठरवावी. नांवनोंदणी ऑगस्टमध्यें सुरू होते. जानेवारी ते जुलै नेमानें अभ्यास करून, जुलैअखेर ओळीनें पांच सराव-परीक्षा घड्याळ लावून द्याव्या, आणि त्यांचे आंकडे गेल्या वर्षीच्या आंकड्यांशेजारीं लिहावे. ते वर सरकले असतील तर अर्ज भरावा. नसतील तर तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून द्यावा. त्या दिवशीं घरांत वाद घालण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं.