टाकीच्या तोंडाशी नजर ठेवा

गॅसची टाकी आली की आपण सील पाहतो, वजन पाहतो आणि आत घेतो. माता-भगिनींनो, खरी गोम टाकीच्या तोंडात असते. १४.२ किलोच्या घरगुती टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक रिंग असते. ती चिरली, कडक झाली किंवा मुळी नसलीच, तर रेग्युलेटर नीट बसूनही गॅस गळतो. टाकी आणणाऱ्याने ती तुमच्यासमोर तपासून द्यायची असते. ते त्याचे उपकार नव्हेत!

शेगडी न पेटवता तोंडाशी साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करून काढा, दोरीची टोपी व्हॉल्व्हवर घट्ट बसवा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. दारे-खिडक्या उघडा, विजेचे बटण चालू करू नका, बंदही करू नका. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा, तो चोवीस तास चालतो.

आमच्या वस्तीत कुणी खिळ्याने व्हॉल्व्हची पिन दाबतात, कुणी मेण थापतात. पिन दाबली की व्हॉल्व्ह उघडतो, मग गळती थांबेल कशी? ही दुरुस्ती आपली नाही, नाक्यावरच्या शेगडीवाल्याचीही नाही. गळकी टाकी एजन्सीने बदलून द्यायची. आणि ती टोपी पोरांना खेळायला देऊ नका; आम्ही टाकीच्या कडीलाच बांधून ठेवतो.